साच्याची वही

"कुणाला विचारलं?" हा सरांचा ठेवणीतला प्रश्न. प्रोग्रॅम अडला, की खुर्ची मागे रेटायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि हे विचारायचं. मी चिडायचे. अहो, काय चुकलं ते सरळ सांगा ना!

आमचं ऑफिस द्वारका चौकात, टायरच्या दुकानावर. भाजीपाल्याच्या एका संकलन केंद्रासाठी आम्ही प्रोग्रॅम चालवायचो. आलेल्या प्रत्येक क्रेटला नंबर देणारा; त्या नंबरावरूनच तो कुठल्या गाडीत चढवायचा ते ठरायचं. सर आमच्यात वयानं सगळ्यात मोठे, मूळचे हरसूलकडचे. त्यांनी हा प्रोग्रॅम लिस्प नावाच्या जुन्या, कंसांनी भरलेल्या भाषेत लिहिला होता. त्यातली ऑब्जेक्टची, म्हणजे विचारलं की आपली माहिती सांगणाऱ्या वस्तूंची, व्यवस्थासुद्धा स्वतःच बांधलेली. आता तुम्हीच सांगा, जी भाषा ऑफिसात एकालाच धड येते, तिच्यात कुणी कशाला लिहावं? मला पहिल्या दिवसापासून वाटायचं, कुठंतरी पाणी मुरतंय.

लक्षणंही तशीच होती. स्क्रीन भिंतीकडे वळवलेला. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचं. कोड जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहायचे आणि संध्याकाळी त्या डब्याच्या पिशवीत घालून घरी न्यायचे. दुसऱ्या कुठल्या कंपनीला विकत असणार, अशी माझी खात्रीच झाली होती.

शिकवायचे मात्र जीव लावून. एकदा मी विचारलं, आज एकूण किती क्रेट आले, हे कुठल्या क्रेटकडून काढायचं? लगेच चष्मा वर.

"मूर्तीला तिचा रंग विचारा, सांगेल. साच्यातून एकूण किती मूर्ती निघाल्या, हे तिला काय ठाऊक? ते साच्याला विचारा."

हा साचा म्हणजे क्लास. त्यांनी त्यालाही एक ऑब्जेक्टच करून टाकलं होतं. त्याला स्वतःच्या मेथड, म्हणजे काम करायच्या रीती, दिल्या आणि मोजणीची वहीही त्याच्याच हाती दिली. "आणि मॅडम, या साच्यावरून दुसरा साचा काढलात, तर त्यानं थोरल्याच्याच वहीत लिहायचं. नवी वही द्यायची नाही." मी मान डोलावली. पण लक्ष सगळं त्यांच्या डब्याच्या पिशवीकडे.

दसऱ्याच्या तोंडावर केंद्रावर झेंडू यायला लागला. सर दोन दिवस रजेवर होते, म्हणून फुलांच्या क्रेटचा साचा मीच लिहिला. चाललाही झकास. मी खूश!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक शेतकरी बाई थेट जिना चढून वर आल्या. "ताई, माझा झेंडू भेंडीच्या गाडीत चढिवला! दाबून काळा पडला सगळा. दसरा सरल्यावर कोण इचारतंय त्याला?" झेंडूच्या आणि भेंडीच्या क्रेटवर एकच नंबर पडला होता.

सर त्याच सकाळी रजेवरून परतले होते. ऑफिसच्या मालकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. "नंबर देणारा भाग कुणाचा?"

सर माझ्याकडे पाहत राहिले. फुलांचा साचा माझा आहे, हे ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. मी म्हणाले, "सरांचा. काय लिहितात ते कुणाला दाखवत नाहीत. कोड घरी नेतात."

"खरंय?"

"घरी नेतो, खरंय," सर म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. जाताना त्यांनी टेबल पुसून ठेवलं.

मग चूक शोधायला मी त्यांच्या जागेवर बसले. त्यांची मेथड चोख होती. फुलांच्या साच्यात मात्र एक ओळ होती, त्याला कोरी वही देणारी. म्हणून फुलांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले होते. ओळ माझी. ड्रॉवरमध्ये एक लग्नपत्रिका सापडली. तिच्या पाठीवर त्याच दिवसाची तारीख घालून लिहिलं होतं: 'फुलांच्या साच्याची वही काढून टाकणे. मॅडमना एकटीला सांगणे.'

मी सरांना फोन लावला.

"सर, ती ओळ माझी होती."

"माहीत आहे."

"मग मालकांसमोर बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्ही बोलाल."

लाज वाटली हो, फार लाज वाटली. तशीच उठून मालकांकडे गेले आणि सगळं कबूल केलं. ते म्हणाले, बोलवा त्यांना परत. मी धावत बाहेर येऊन पुन्हा फोन केला.

"नको मॅडम," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आता तिथं बसलो, तर तुमची प्रत्येक ओळ संशयानं उघडून बघेन. तसं काम मी कधी केलं नाही."