एकेचाळीस घरांचं बोलावणं

केळफूल अर्धं निवडून झालं होतं. अंबुजाबाईंनी हातांना तेल चोपडलं होतं, समोर स्टुलावर परात, शेजारी ताकाच्या पाण्याचं पातेलं. एकेका फुलातला ताठ दांडा आणि काचेसारखा पापुद्रा काढायचा आणि फूल ताकात सोडायचं. आळस करून हे दोन आत ठेवले, तर भाजी कितीही शिजवा, दाताखाली येतातच. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून खाली बसणं बंद होतं, म्हणून तंजावुरच्या मेल वीथीतल्या त्या घरात सगळा स्वयंपाक आता खुर्चीच्या उंचीवर आला होता.

तेवढ्यात विनुता आली. ही अंबुजाबाईंच्या नवऱ्याच्या, बाळकृष्णरावांच्या, धाकट्या मावसबहिणीची लेक. वाढली चेन्नईत, आणि आता तंजावुरात राहून समाजशास्त्रात संशोधन करत होती. मराठी तिला सगळं कळे. बोलताना मात्र दर चौथ्या शब्दाला तमिळ मदतीला धावे. तिने चपला काढल्या, हात धुऊन तेल लावलं आणि परातीच्या पलीकडे बसली.

"मामी, निवडता निवडता बोलू या. माझ्या वहीत तुमचंच घर राहिलंय."

त्या वहीची चर्चा तीन आठवडे सगळ्या ओळखीच्या घरांत चालली होती. तंजावुरातली मराठी कुटुंबं मिळून दरवर्षी भजनमठात रामनवमी करतात, शेवटी मोठी समाराधना, पाचशे पान उठतं. विनुता त्या मंडळीचाच अभ्यास करत होती. घरोघर जाऊन तीन प्रश्न विचारायची: उत्सवाचं तुम्हाला कोण सांगतं? अडलं तर कोणाला विचारता? येणं जमत नसेल तर निरोप कोणाकडे देता? लोक उत्तरं द्यायचे, कॉफी पाजायचे, आणि ती गेल्यावर एकमेकांना विचारायचे की यावर डॉक्टर कसं काय होतात.

अंबुजाबाईंनीही तेच विचारलं. विनुताने सांगितलं ते असं. पूर्वीचे विद्वान म्हणायचे, संस्था हे यंत्र आहे. प्रत्येक खिळ्याला जागा, प्रत्येक कामाला नियम, वरून हुकूम सुटला की खाली चाक फिरतं. मग काही लोक कारखान्यांत जाऊन महिनोन्‌महिने बसले. त्यांना दिसलं की माणसं नियमावर कमी आणि शेजारी कोण बसलंय, कोणाच्या शब्दाला मान आहे, यावर जास्त चालतात. म्हणजे कागदावर एक संस्था असते आणि आत दुसरी. आणखी काही जणांनी वेगळंच दाखवलं: पाटी, शिक्का, ठरावाची वही अशा पुष्कळ गोष्टी संस्था एवढ्यासाठीच ठेवतात की बाकीच्या संस्थांकडे त्या असतात, त्या नसल्या तर बाहेरचा माणूस आपल्याला संस्था मानत नाही.

"आमच्याकडे शिक्का आहे," अंबुजाबाई म्हणाल्या. "त्याने आजवर काय शिक्कामोर्तब केलं, रामालाच ठाऊक."

बाहेरच्या झोपाळ्यावरून बाळकृष्णरावांनी पेपर खाली केला. एकोणतीस वर्षं तालुक्याच्या ऑफिसात काढलेला माणूस तो. त्यांनी सांगितलं की त्यांच्या काळात तहसीलदार नऊ बदलले, पण कुठला कागद कुठल्या टेबलावर आधी जायचा ते एकच शिपाई ठरवायचा, आणि तो निवृत्त झाला त्या महिन्यात ऑफिस कसं चालवायचं हे कोणालाच कळेना. एवढं सांगून त्यांनी पेपर पुन्हा वर केला. विनुताने तेलकट बोटांनीच ते टिपून घेतलं.

"आता मामी, तुमचं. तुम्हाला उत्सवाचं कोण सांगतं?"

अंबुजाबाईंचा हात दांड्यावरच थांबला. सव्वीस वर्षं सांगत त्याच आल्या होत्या. पाडव्याच्या आत एकेचाळीस घरं, हातात कुंकवाचा करंडा आणि हळदीच्या अक्षतांची डबी. उंबऱ्याशी बाईला कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि म्हणायचं, "रामाकडे या." मग आत बसून एक घोट ताक. त्या घोटाबरोबर कळायचं की कोणाची सून बाळंतीण आहे, कोणाचा गुडघा धरलाय, यंदा नारळ कोण खवणार आणि कोणाला कोणाच्या शेजारी बसवायचं नाही.

यंदा मंडळीला नवे सेक्रेटरी मिळाले. गणेशकुमार. वीजखात्यातून निवृत्त झालेले, सरळ मनाचे, आणि चौकटींची भारी हौस. त्यांनी मठाच्या भिंतीवर अकरा चौकटींचा तक्ता लावला: अध्यक्ष, सेक्रेटरी, भोजन, मंडप, पाणी, चपला वगैरे. उत्सवाचं आणि त्याआधीच्या बैठकीचं बोलावणं फोनवरच्या ग्रुपात टाकलं. वहिनींच्या गुडघ्याला विश्रांती हवी, असं चारचौघांत प्रेमाने सांगितलं, आणि तक्त्यात सगळ्यांत वर त्यांच्यासाठी 'मार्गदर्शक' अशी चौकट काढली. बाकी प्रत्येक चौकटीतून रेघ खाली उतरत होती. मार्गदर्शकाच्या चौकटीतून कुठेच जात नव्हती.

"यंदा गणेशकुमार सांगतात," अंबुजाबाई म्हणाल्या आणि दांडा जरा जोरातच उपटला.

खरी गोष्ट त्यांच्या पोटात होती. गुरुवारपासून चार बायकांनी वाटेत अडवून विचारलं होतं, "अक्का, यंदा बोलावणं नाही होय?" फोनवरचा निरोप सगळ्यांनी वाचला होता, अंगठा दाखवला होता. पण ती बातमी झाली. हातावर अक्षता पडल्याशिवाय बोलावणं होत नाही, आणि बोलावणं नसताना रामाकडे पानावर जाऊन बसायचं कसं? कोणीच येणार नव्हतं, आणि हे गणेशकुमारांना ठाऊक नव्हतं. अंबुजाबाईंनी चौघींनाही एकच उत्तर दिलं होतं: "सेक्रेटरींना विचारा." त्या विचारणार नाहीत, हेही अंबुजाबाईंना ठाऊक होतं.

रोज सकाळी त्या वहीत एकशेआठ वेळा रामनाम लिहीत. गुरुवारपासून आकडा जुळत नव्हता. शंभराच्या पुढे गेलं की मनात येई, बघू दे त्यांना, कसं होतं ते. आणि लगेच वाटे, पण त्यासाठी रामाची पंगत रिकामी ठेवायची?

चार वाजता मठात कामं वाटून घ्यायची बैठक होती. केळफूल अर्ध्यावर ताकात ठेवून अंबुजाबाईंनी साडी बदलली, काठी घेतली. बाळकृष्णराव झोपाळ्यावरून हलले नाहीत. त्यांचाही अंगठा ग्रुपात होता.

"चलणार नाही?"

"मला कुठे बोलावणं आलंय?" ते म्हणाले.

विनुताने ऑटो थांबवला. मठात साठ खुर्च्या मांडलेल्या, पाण्याच्या बाटल्या, ताकाचं मोठं भांडं, भिंतीवर तक्ता. माणसं तीन: गणेशकुमार, त्यांची बायको जयश्री, आणि आचारी राममूर्ती, जो किती पानं धरायची ते ठरवायला पापनाशमहून बसने आला होता. साडेचार झाले. गणेशकुमारांनी फोन उघडून अंगठे पुन्हा मोजले. अडतीस.

"अंगठ्यांना वाढायचं असेल तर तसं सांगा," राममूर्ती म्हणाला. "लोणचं तेवढं पुरे."

जयश्रीने हसू पदराआड लपवलं. गणेशकुमार हसले नाहीत. खुर्चीवर बसून ते तक्त्याकडे बघत राहिले, मठाचा फ्यूज उडाला आणि कुठल्या खांबापासून शोधायचं ते कळेना, तसे. सगळ्यांना वेळेवर कळवलंय, ते म्हणाले. वेळ, जागा, नकाशा, सगळं दिलंय. लोकांना रामनवमी नकोच असेल तर तसं सांगावं.

ते ऐकून अंबुजाबाईंना राहवेना. तेवढ्यात विनुताने आपली वही टेबलावर उघडून ठेवली. दोन पानांवर मिळून ठिपकेच ठिपके होते, एक ठिपका म्हणजे एक घर. तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिने बाणांनी जोडली होती, आणि बाण सगळीकडून येऊन पानाच्या मध्यावर एकाच ठिपक्यात शिरत होते. तो ठिपका रेघांखाली काळाभोर झाला होता.

"हे कोण?" गणेशकुमारांनी विचारलं.

विनुताने अंबुजाबाईंकडे पाहिलं. गणेशकुमारांनीही पाहिलं. मग भिंतीवरच्या बिनरेघेच्या चौकटीकडे पाहिलं.

"वहिनी, लोक येणार नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. गुरुवारपासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

अंबुजाबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली. "दुखलं म्हणून. गुडघा नव्हे."

मग जयश्रीने सगळ्यांना ताक दिलं, जे अशा वेळी शहाणी बाई करते. गणेशकुमार अर्धा पेला पिऊन म्हणाले की त्यांना खरंच वाटलं होतं वहिनींना बरं वाटेल. अंबुजाबाईंनीही मान्य केलं की त्यांचा हेतू चांगला होता हे आपल्याला तेव्हाही ठाऊक होतं. राग धरायला ते आड येत होतं म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं.

मग त्यांनी वही जवळ ओढली. सव्वीस वर्षं चाललेला रस्ता तिथे एका दृष्टीत दिसत होता, आणि आपल्या नावाचा तो काळा ठिपका बघून, खोटं कशाला बोला, बरं वाटत होतं. पण बघता बघता त्यांचं बोट कोपऱ्यात गेलं. तिथे एक ठिपका एकटाच होता. त्यातून रेघ निघत नव्हती, त्यात येत नव्हती.

"हे कोणाचं घर?"

"मेडिकल कॉलेज रोडच्या भवानी अक्का," विनुता म्हणाली. "तुम्ही सगळे एकेचाळीस घरं म्हणता, पण विचारत गेले तर बोलावणं चाळीसच घरांना जातं. त्या म्हणाल्या, मला कोणी सांगत नाही, मी पंचांगात बघते आणि घरीच पन्हं करते."

गणेशकुमारांना आश्चर्य वाटलं. मंडळीत सगळ्यांचा समज होता की भवानीबाईच येत नाहीत, त्यांना गर्दी सोसत नाही. हा समज कोणी पसरवला, ते कोणी विचारलं नव्हतं, कारण बोलावणं कुठे गेलं आणि कुठे गेलं नाही हे फक्त बोलावणारीला ठाऊक. अकरा वर्षांपूर्वी समाराधनेच्या पंगतीत भवानी सगळ्यांसमोर म्हणाली होती की अंबुजाबाईंनी करवून घेतलेलं पायस खाली लागलंय. पुढच्या वर्षी अंबुजाबाई त्या रस्त्याला वळल्याच नाहीत.

राममूर्तीने घसा साफ केला. "लागलं होतंच. मीच ढवळत होतो."

"ठाऊक आहे," अंबुजाबाई म्हणाल्या.

त्यांनी वही विनुताकडे सरकवली. मग विनुताला म्हणाल्या की तुझे ते कारखान्यांत जाऊन बसणारे विद्वान बरोबर बोलतात, पण आणखी एक गोष्ट त्यांना सांग: सगळे रस्ते एकाच घरावरून जात असले की त्या घरातला रुसवा साऱ्या गावाला भोवतो. यंदा गुडघ्याने दाखवलं, गेली अकरा वर्षं कोणाला दिसलंही नाही. विनुताने विचारलं, हे तुमच्या नावाने लिहू का. अंबुजाबाईंनी सांगितलं, लिही, पण पायसाचं लिहू नको.

पुढचा अर्धा तास भराभर गेला. पाडवा चार दिवसांवर. अंबुजाबाईंनी ठरवलं: अक्षता पाच डब्यांत, पाच बायका, प्रत्येकीला आठ घरं. कोणत्या घरी आधी सासूला कुंकू लावायचं, कुठे कुत्रं आहे, कुठे ताक नको म्हटलं तर राग येतो, हे त्यांनी एकेक करून सांगितलं आणि जयश्रीने लिहून घेतलं. सव्वीस वर्षांत ते पहिल्यांदाच कागदावर उतरत होतं. गणेशकुमारांनी लगेच पट्टी काढून पाच नव्या चौकटी आखल्या. मग मार्गदर्शकाची चौकट खोडायला गेले, तेव्हा विनुतानेच त्यांना थांबवलं. तक्ता असू द्या, ती म्हणाली. मंडपाची परवानगी मागायला गेलात तर तिथे तक्ताच लागेल, कुंकवाचा करंडा चालणार नाही. त्यावर गणेशकुमार पहिल्यांदा मोकळे हसले आणि त्या चौकटीतून त्यांनी पाच रेघा खाली ओढल्या.

"पानं किती धरू?" राममूर्तीने विचारलं.

"पाचशे धर. आणि पायस ढवळताना गप्पा मारू नको."

घरी आल्यावर अंबुजाबाईंनी पाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि रामापुढच्या वाटीत तांदूळ, हळद, थेंबभर तूप घालून अक्षता केल्या. पाच डब्या भरल्या. उरलेल्या अक्षतांतून थोड्या घेऊन त्या झोपाळ्याशी गेल्या आणि बाळकृष्णरावांच्या हातावर ठेवल्या.

"रामाकडे या."

"येतो," ते म्हणाले. "मगाशीच द्यायच्या होत्यास, चार वाजता आलो असतो."

मग हातांना पुन्हा तेल चोपडून त्या परातीशी बसल्या. विनुताही बसली. उरलेलं केळफूल दोघींनी मिळून निवडलं, एकही दांडा राहू दिला नाही. विनुताने नव्या पानावर ठिपके काढायला घेतले होते. मध्ये पाच ठिपके, आणि कोपऱ्यातला एक अजून एकटाच. ती रेघ मी काढू का, असं तिने विचारलं.

"आज नको. उद्या मी आल्यावर काढ," अंबुजाबाई म्हणाल्या, आणि एकेचाळिसाव्या घरासाठी बाजूला ठेवलेल्या अक्षता त्यांनी पुडीत बांधल्या. सकाळी साडेनऊला ऑटो सांगितला होता. मेडिकल कॉलेज रोडला जाऊन भवानीला बोलावणं करायचं होतं.