निघायच्या तयारीतले अण्णा

आमचे घरमालक अण्णा डोळे मिटून सांडशी शोधायचे. जे. पी. नगरातल्या त्यांच्या अंगणात एक जुनी व्हॅन उभी असे. मागचं दार उघडून अण्णा आत चढत, डोळे गच्च मिटत आणि हात लांब करत. सांडशी पहिल्या झटक्यात हाताला लागली तर ठीक, नाहीतर तिची खुंटी बदलायची. "वाटेत दिवा गेला तर काय करणार?" असं वर मलाच विचारत. गाडी ते रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणत. त्यापलीकडे ती गेलेली मी पाहिली नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून बंगळूरला नोकरीसाठी आले आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहू लागले. अण्णांचं घराणं तिथलंच, कित्येक पिढ्यांचं. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असे आणि माझ्या मराठीची ते मनसोक्त थट्टा करत. "तुमचं मराठी इस्त्रीचं, पुणेकर. आमचं रोज अंगावरचं." कुलदैवत मात्र तुळजापूरची भवानी, आणि त्यांच्या घरातलं कुणी तीन पिढ्यांत तिकडे फिरकलेलं नव्हतं. त्यांच्या पत्नीला, अक्कांना, एकदा आपल्या हातांनी देवीची ओटी भरायची होती. गुडघ्यांमुळे बसचा प्रवास जमत नव्हता, बाहेरचं खाणं सोसत नव्हतं. म्हणून अण्णांनी निवृत्त झाल्यावर एका कारखान्याची मोडीत काढलेली ॲम्ब्युलन्स घेतली आणि तिचं फिरतं घर करायला घेतलं.

अक्कांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "अय्यो, हिच्यात माणसं निजून जात होती की! मी बसून जाणार. मला स्वल्प एक खिडकी द्या, बास." खिडकी होती, पण ॲम्ब्युलन्सची, काचेला पांढरा रंग फासलेली. "ते काय, अर्ध्या तासाचं काम," अण्णा म्हणाले. "निघायच्या आदल्या दिवशी खरवडून देतो."

सामान निवडण्यात अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता. कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलेलं, त्यामुळे नजर बारीक. "एका वस्तूनं दोन कामं करायला पाहिजेत. एकच काम करते ती पाहुणी. पाहुणीला गाडीत जागा नाही." घडीची खाट आली, तिच्याखाली तांदळाचे डबे. ताडपत्री आली, ती छतही होणार आणि आडोसाही. कंदील आला आणि गेला, विजेरी आली. पाण्याच्या नळवाल्या कॅनवरून तर त्यांनी तीन दुकानदारांशी भांडण काढलं.

निवडलेली वस्तू लगेच गाडीत जात नसे. आधी आठ दिवस अंगणात तिची परीक्षा. रॉकेलच्या स्टोव्हच्या वेळी अक्कांनी आठवडाभर अंगणात बसून स्वयंपाक केला. शेवटच्या दिवशी वारा आला, भडका उडाला, सांबार सांडलं. अण्णांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं आणि छोट्या गॅसच्या शेगडीच्या शोधात निघाले. अक्का भांडी गोळा करता करता मला म्हणाल्या, "तुळजापूर राहू दे गं, आम्ही तर अजून अंगणातच मुक्कामाला आहोत." मला हसू आलं. त्यांना नव्हतं आलेलं, हे मला फार उशिरा कळलं.

तरी एका नवरात्रात खरंच सगळं जमून आलं. खण आला, नारळ आला, अक्कांनी नऊवारी पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. मी ऑफिसातून आले तेव्हा अण्णा खिडकीचा रंग खरवडायला पातं हातात घेऊन बसलेच होते. मी सहज आत डोकावले, अक्कांच्या जागेवरचा छोटा पंखा लावून पाहिला आणि म्हटलं, "अण्णा, हा गाडीच्याच बॅटरीवर चालतो ना? रात्रभर लावला तर सकाळी गाडी सुरू होईल?"

काळजीपोटी विचारलं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिले. ते खरं नाही. मी इंजिनियर आहे हे मला दाखवायचं होतं. अण्णांनी पातं खाली ठेवलं. पंखा बंद केला. "सरी. बरोबर बोललात. वेगळी बॅटरी पाहिजे." अंधार पडायच्या आत त्यांनी सगळं सामान उतरवून अंगणात मांडलं. अक्का पायरीवर बसून होत्या. "तुला आजच विचारायचं होतं काय गं?" एवढंच म्हणाल्या, आणि पिशवीतून नऊवारी काढून आत घेऊन गेल्या.

संक्रांतीनंतर एका सकाळी अक्कांच्या छातीत कळ आली. रिक्षा मिळेना. अण्णांनी व्हॅन दाराशी लावली, आम्ही अक्कांना खाटेवर निजवलं आणि मी शेजारी बसले. अण्णांचं काम चोख होतं. एवढ्या खड्ड्यांतून खाट हलली नाही, एक भांडं वाजलं नाही. नवी बॅटरीही लागली होती आणि पंखा छान फिरत होता. अक्कांनी विचारलं, "कुठं आलो गं?" मी काचेकडे पाहिलं. पांढरी फटक. "कळत नाही अक्का," मी म्हटलं. त्या पुटपुटल्या, "खिडकी राहिली बघ." तिसऱ्या दिवशी इस्पितळातच त्या गेल्या.

दिवसकार्य उरकल्यावर अण्णा तुळजापूरला गेले. सरकारी बसनं. हातात एक कापडी पिशवी, तिच्यात तो खण, एक नारळ आणि धोतरजोडी. मी फाटकापर्यंत गेले. "अण्णा, बरोबर पाणी तरी घ्या." ते म्हणाले, "मिळतंय की वाटेत. सगळं मिळतंय."

अण्णा परत आले त्या रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालून खरखर ऐकू आली म्हणून उतरले. अण्णा व्हॅनमध्ये अक्कांच्या जागेवर बसून काचेवर पातं चालवत होते. मांडीभर पांढरे कपचे पडले होते. काच लख्ख झाली, तिच्यातून समोरचं नारळाचं झाड दिसायला लागलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"मी अर्धा तास म्हणत होतो," अण्णा म्हणाले. "वीस मिनिटं लागली."

त्या दिवशी मी काही विचारलं नाही.