सोनसावरीचे कोरडे पाय

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या नानांना, कळसाडी गावात शेतीतलं काही शिकवायला कोणी जात नाही. जाऊन उपयोगही नसतो. त्यांच्या मते झाडाचं दुखणं एकच, तहान. पान पिवळं पडलं, पाणी द्या. जास्त पिवळं पडलं, पाण्याबरोबर युरिया द्या. कापूस आणि ऊस याच उपचारावर वाढले, आणि घरी येणारे पाहुणेसुद्धा. ताट रिकामं दिसलं की नाना पोळी वाढणारच.

मी विसरवाडीपलीकडच्या डोंगरात सात वर्षं शाळेत शिकवलं. शाळेमागच्या टेकडीवर एक सोनसावर होती. उंचीला बेताची, जरा वाकडी, पण फाल्गुनात अंगावर एक पान नसताना ओंजळीएवढ्या पिवळ्याधमक फुलांनी भरून जायची. बदली होऊन घराजवळ आले आणि मला माणसांपेक्षा त्या झाडाचीच आठवण जास्त येऊ लागली. मग शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी त्याची मनगटाएवढी फांदी कापून दिली. नानांनी ती मळ्यातल्या सगळ्यात काळ्या मातीत, ठिबकच्या नळीशेजारी लावली.

"मन्ही जमीनमा लाकूड टोचं तरी फुटस," ते म्हणाले.

फुटलंही. हातभर पानं आली. नाना महिनाभर छाती काढून फिरले आणि पावसाळ्यात मूळ कुजून झाड आडवं झालं. दुसरी फांदी त्यांनी दुप्पट मायेने मारली.

तिसऱ्यांदा मागितली तेव्हा मावशी म्हणाल्या, "बाई, ही शेवटची. सारखं सारखं झाड तोडवत नाही. पण बाबांना सोबत आणा, त्यांना त्याचं घर दाखवते."

नाना माती आणायला पिशवी घेऊन टेकडी चढले. खुरप्याने इथे टोचून पाहिलं, तिथे टोचून पाहिलं. सगळीकडे दगडच वाजला.

"आठे माती कोठे शे?"

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. "माती नाहीच, बाबा. पाऊस पडतो, पाणी सरळ ओढ्याला जातं. याला पाय कोरडे लागतात."

परतताना बसमध्ये नानांनी रिकामी पिशवी मांडीवर नीट घडी करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रॅक्टर काढला. ज्या माणसाने आयुष्यभर वावरातले दगड वेचून बांधावर टाकले, त्याने तेच दगड ट्रॉलीत भरून अंगणात आणले. शेजाऱ्यांनी विचारलं, "काय नाना, मंदिर बांधी ऱ्हायनात का?" नानांनी ढिगाऱ्यात मुरूम टाकला आणि शेवटची फांदी रोवली.

ती जगली. खरी परीक्षा दुसऱ्या हिवाळ्यात आली. सगळी पानं गळाली आणि उघडी काठी राहिली. ती तशीच असते, मी सांगितलं, मावशींनी फोनवर सांगितलं. नानांना पटलं असावं, त्यांच्या हाताला काही पटेना. एका सकाळी शाळेत निघताना पाहिलं, तर नाना भरलेली बादली घेऊन झाडासमोर उभे. तीनदा त्यांनी बादली उचलली, तीनदा खाली ठेवली. शेवटी सगळं पाणी स्वतःच्या पायांवर ओतलं आणि घरात गेले.

फाल्गुनात एक फूल आलं. एकच, शेंड्यावर. नानांनी मला फूल दाखवायला हाक मारली नाही, मोबाइल पुढे करून फोन लावून मागितला. पलीकडे मावशी होत्या.

"बाई," नाना घसा खाकरून म्हणाले, "तेना पाय कोरडा शेतस."

एवढं बोलून फोन माझ्या हातात दिला. फूल आलंय हे सांगायचं राहूनच गेलं. ते मी सांगितलं, आणि सांगताना मला रडू आलं.