सुलोचनाताई मागे थांबायच्या तेव्हा

बुधवार, लसीकरणाचा दिवस. बाळाच्या मांडीवर कापूस दाबून धरला होता, तेवढ्यात फोन वाजला. सुलोचनाताईंची सून, सपना. "सिस्टर, आई उठूनच नाही राह्यल्या..." एवढंच बोलली. बाळ रडत होतं आणि मी कापूस दाबून तशीच उभी. ताई गेल्या, त्याला आता सहा आठवडे होतील.

सुलोचनाताई बोरी अरबजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवायच्या, मी तिथल्याच उपकेंद्राची नर्स. पोलिओचे डोस असोत की गरोदर बायांची यादी, आम्ही जोडीनंच गाव फिरायचो. त्या पुढे, मी मागे. मग एका वर्षी त्याच मागे पडू लागल्या. थोडं चाललं की कुणाच्या तरी दारात थांबायच्या, उगाच भाजी काय केली म्हणून विचारायच्या आणि दोन मिनिटांनी पुन्हा निघायच्या. मी थट्टा करायची. एकदा म्हणाल्या, "पोटरीत गोळा येते बाई. थांबलं का जाते." मी नर्स. मी त्यांना मलम दिलं.

त्यांना साखरेचा आजार होता, गालात दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा. पायाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्या की चालताना असंच दुखतं, हे मी कधीतरी शिकले होते. पण कापसाची ती वाईट वर्षं. फवारणीचं औषध प्यालेलं माणूस घेऊन कुणीतरी सारखं धावत यायचं. अशा दिवसांत पोटरीचं दुखणं सांगायची त्यांनाच लाज वाटे, आणि मला ऐकायला सवड नव्हती. कापसाच्या वेचणीत पऱ्हाटीचा खुंट त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात घुसला. जखम भरेना, अंगठा काळा पडला, आणि यवतमाळला गुडघ्याखालून पाय कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "हे असं होते, तुले माहीत होतं काय?" मी हो म्हणाले. त्या नुसत्या बघत राहिल्या... त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

नकली पायावर उभ्या राहिल्या तशी त्यांनी दारव्ह्यापर्यंत चालत जायचं काढलं. दुकानदारांनी, मास्तरांनी दर किलोमीटरमागे काही द्यायचं, त्यातून उपकेंद्राला पायातला रक्तप्रवाह ऐकायचं यंत्र घ्यायचं, आणि वाटेतल्या गावांत हे दुखणं समजावून सांगायचं. "नकली पायाची बाई पाह्याले तरी लोक येतीन," म्हणाल्या.

निघायच्या सकाळी मी त्यांचा उजवा पाय हातात घेतला. तळव्याला फोड, आणि पावलावरची नाडी बोटांना लागेना.

"ताई, तुम्ही नका चालू."

"मले माहीत आहे. कोनापाशी बोलू नको."

"या वेळी मी गप्प बसणार नाही."

त्यांचा बूट मी मांडीवर घट्ट धरून बसले होते. त्यांनी तो एकदा ओढून पाहिला. मग म्हणाल्या, "मंग बसव मले गाडीत. पन माह्ये किलोमीटर कोन चालीन?"

मी चालले. त्या मालवाहू ऑटोत बसून सोबत, भोंग्यावर बोलत. मागं बाया वाढत गेल्या. अर्ध्या वाटेत भोंगा एकदम बंद झाला. तांड्यावरचे एक म्हातारबाबा थोड्या थोड्या अंतरावर थांबत होते, झाडाकडं बघत होते. ताईंनी ऑटोतूनच विचारलं, "बाबा, झाडाकडं काहून पाह्यता? पोटरी दुखते ना?" बाबांनी मान खाली घातली. संध्याकाळी त्याच ऑटोतून दोघांना दवाखान्यात नेलं. बाबांचा पाय वाचला. ताईंचाही. पण हा आजार पायापाशी थांबत नाही, त्यांच्या हृदयापर्यंत तो केव्हाच पोचला होता.

गावातून एकटी फिरताना अजूनही वाटतं, त्या मागे कुणाच्या दारात थांबल्यात. मी थांबते, वळून बघते. तेव्हा मात्र कधी बघितलं नाही...

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले. सपनानं चहा ठेवला, समोर बसली आणि पाऊल पुढं केलं. "आई रोज साऱ्यायचे पाय पाहे, आंघोळ झाली का. आता कोन पाहीन?" मी बोटं ठेवली. नाडी लागली, चांगली ठळक. तिची चार वर्षांची पोरगीही येऊन बसली, दोन्ही पावलं जुळवून. मी हात लावला तशी म्हणाली, "असं नाई. आजी डोळे मिटून पाहे."

मी डोळे मिटले.