रंगवलेला डोळा

माझ्या धाकट्या भावाला सगळे ठोक्या म्हणतात. आईबापांनी ठेवलेलं नाव आता आमच्याही तोंडी येत नाही. धडकलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करणं हा त्याचा धंदा, आणि धंद्याबाहेरही त्याचा हात थांबत नाही. शाळेत असताना त्याने शिपायाचा दात पाडला. स्वतःच्या लग्नात चुलतसासऱ्याची कॉलर धरली. गाडी लावण्यावरून भांडणाऱ्या एका माणसाची बोटं त्याने त्या माणसाच्याच गाडीच्या दारात चेमटवली. आधी हात, मग तोंड, आणि डोकं सगळ्यात शेवटी, तेही चाललं तर. वर छातीठोकपणे सांगायचा, "बाहेर काय असेल ते असेल, घरात मी कुणाला बोटही लावत नाही." मी इस्पितळाच्या अपघात विभागात जखमा धुते, पट्ट्या बांधते. त्याने फोडलेलं डोकं माझ्याच टेबलावर यायचं, आणि त्यावर पट्टी बांधताना मला लाज वाटायची की राग यायचा, हे माझं मलाच कळत नसे.

त्याची मुलगी भिंगरी. सोळावं वरीस धोक्याचं म्हणतात, तिचं पंधरावंच चालू होतं, पण त्या घरात धोका मुलीपासून नव्हता. या वयाच्या पोरांचं काहीएक ठोक्याच्या पचनी पडत नसे. भुवईत रेघ कापलेला पोरगा दिसला की म्हणायचा, "न्हाव्याचा हात घसरला काय रे?" गुडघ्यावर फाटलेली पँट भिंगरीने आणली, तेव्हा म्हणाला, "फाटकीच घालायची तर माझी घाल, फुकट आहे." इथवर गंमत होती. मग एकदा जेवताना ती फोनकडे बघून हसली. त्याने फोन उचलला, गॅरेजमध्ये नेला आणि ऐरणीवर ठेवून घणाने फोडला. काचेचा चुरा कागदात बांधून तिच्या ताटाशेजारी आणून ठेवला. तेव्हापासून ती तिच्या वर्गातल्या, गल्लीतच राहणाऱ्या एका मुलाचा फोन वापरू लागली. सतत काहीतरी टिपत असतो म्हणून त्याला सगळे कॅमेऱ्या म्हणायचे.

एके दिवशी गॅरेजमधल्या गिऱ्हाइकाने आपला फोन ठोक्यापुढे धरला. "ही तुमचीच ना हो?" पडद्यावर भिंगरी होती. डावा डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला, हनुवटीवर रक्त. मागून कॅमेऱ्याचा आवाज, "अजून थोडी रड." त्यापुढचं ठोक्याने पाहिलंच नाही. त्याने तो परका फोन भिंतीवर फेकला आणि तसाच, ग्रीसने माखलेल्या हातांनी, बाहेर पडला.

कॅमेऱ्या आपल्या इमारतीच्या जिन्यात बसला होता. ठोक्याने त्याचे केस धरून तोंड लोखंडी कठड्यावर आपटलं, मग पुन्हा आपटलं. पोरगं पायरीवर कोसळलं तसा बरगड्यांत लाथा घातल्या. "काका, तो रंग आहे," एवढंच ते सांगू पाहत होतं, पण तोंड उघडलं की त्यावर बुक्की बसायची. शेजाऱ्यांनी मिळून ठोक्याला मागे ओढलं, तेव्हा त्याच्या मुठीत केसांचा झुपका होता.

पोराला आमच्याच विभागात आणलं. मी कापसाने रक्त पुसत गेले. डावा डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. "मावशी, मेकअप होता तो," तो बोबडं बोलला, "तिनेच केला होता." डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी बराच वेळ तपासून सांगितलं की नजर वाचली, पण थोडक्यात. माझ्या भावाच्या हातांचा मला त्या दिवशी पहिल्यांदा तिटकारा आला.

ठोक्याला पोलिसांनी नेलं. भिंगरी दप्तर घेऊन माझ्याकडे आली ती परत जायचं नावच घेईना. तिची समजूत काढायला माझी भावजयही आली आणि तीही थांबली. जामीन मिळाल्यावर ठोक्या सरळ माझ्या दारात उभा. हाताची बोटं सुजून टम्म झालेली. खाली मान घालून खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "ताई, मला पोर परत पाहिजे. हे काय असतं ते तिने मला समजावून सांगावं. मी आवाज चढवणार नाही."

भिंगरीने माझ्या फोनवर अख्खा व्हिडिओ लावला. आधी रक्ताळलेला चेहरा, मग लेन्सवरून एक हात फिरतो आणि तोच चेहरा स्वच्छ, कानात डूल, ओठांवर हसू. "सगळ्या मुली करतात हे, बाबा. मार खाल्लेली दिसायचं, मग एकदम राणी. कुणाची जखम जास्त खरी वाटते याची चढाओढ असते."

"आणि हे बघतं कोण?"

"सगळे. तुम्ही पण पाहिलंत की. अर्धं."

ठोक्याने सुजलेले हात मांड्यांखाली दाबून धरले. मला वाटलं, जमतंय. पोरगीही जरा सैलावली आणि रंगांची डबी काढून माझ्या हातावरच दाखवू लागली. "बाकीच्या नुसता लाल-जांभळा फासतात. लगेच कळतं. कडेला हिरवट पिवळा लागतो, मार जुना होताना येतो तसा." बोटाने तिने कड अशी पुसली की आयुष्यभर जखमा पाहिलेल्या मलासुद्धा हात दुखतोय असं वाटलं. मी कौतुकाने विचारलं, "हे कुठे शिकलीस गं? नेटवर?"

"नाही. आईच्या दंडावर बघून."

भावजयीने बाही खाली ओढली. मला कानफटात बसल्यासारखं झालं. माझ्या नजरेस जे कधी आलं नव्हतं, ते पोरीने रोज बघून पाठ केलं होतं.

"भिंगरे," म्हणत ठोक्या उठला आणि त्याचा हात वर गेला. मी मध्ये पडणार, तोच भावजय पुढे झाली. आयुष्यात कधी तिचा आवाज मी स्वयंपाकघराबाहेर ऐकला नव्हता. "उचला," ती म्हणाली. "रोज उचलता तसा इथे वन्संसमोर उचला. त्यांना पट्टी तरी बांधता येईल."

हात तसाच राहिला, मग खाली आला. "घरी चला," तो म्हणाला.

"तुम्ही जा. आम्ही नाही येणार."

तो गेला. दाराबाहेर त्याने भिंतीवर एक बुक्की हाणली, ती आम्हा तिघींनाही ऐकू आली. बघायला कुणीच उठलं नाही.