वीतभर उतार

देशपांडे काका चिखलाची पर्वा न करता मैदानात पालथे पडले, मुरुमावर स्पिरिट लेव्हल ठेवली आणि म्हणाले, "बबल मधोमध नाही."

"नसणारच काका. मी उतार दिलाय."

"लग्नाच्या मांडवाला उतार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी याच मैदानात त्यांच्या मृणालचं लग्न होतं. फॅक्टरीच्या टाउनशिपमधल्या कम्युनिटी हॉलमागचं हे मैदान, आणि आधीचे दोन दिवस अवकाळी पावसानं झोडपलेलं. भोपाळची काळी माती ओली झाली की पायातली चप्पल ठेवून घेते. काका पार शहराबाहेर मिसरोदपर्यंत हॉल शोधून आले होते, सगळे बुक. वऱ्हाड नागपूरहून निघायच्या बेतात. मी टाउनशिपच्या सिव्हिल विभागात इंजिनिअर. साहेबांच्या हातापाया पडून मी फॅक्टरीतला स्किड स्टीअर लोडर एका दिवसासाठी मागून आणला होता.

हा लोडर म्हणजे पुढे बकेट लावलेली बुटकी गाडी. तिची चाकं वळत नाहीत. एका बाजूची चाकं थांबतात, दुसऱ्या बाजूची फिरतात आणि गाडी जागच्या जागी गर्रकन घसटत वळते. मला ती इतकी आवडते की नुसती स्टार्ट केली तरी माझ्या अंगात येतं. पण वळते तिथे ती जमीन उकरते. म्हणून सपाटी करताना तिला मध्ये वळवायचं नाही. बकेट टेकवून मोकळी सोडायची आणि सरळ रिव्हर्स यायचं. माल आपोआप पसरत येतो. वळायचं ते मैदानाबाहेर. ऑपरेटर सलीमभाईंनी सवयीनं एकदा मधेच गाडी फिरवली आणि परातीएवढा खड्डा पडला. "मैडम, ये तो घूमते ही खोद देती है," म्हणत त्यांनी स्वतःच तो बुजवला.

सलीमभाईंना माझं म्हणणं समजलं, काकांना समजेना. त्यांचा जन्म टर्बाइन बसवण्यात गेलेला. तिथे मशीनचा बेड केसभर कलला तरी हाहाकार. मैदानही त्यांना तसंच झीरो लेव्हल हवं होतं. मी म्हटलं, पाणी निघून जायला गटाराच्या बाजूला वीतभर उतार हवाच. ते म्हणाले, ताटातली कढी व्याह्यांच्या मांडीवर जाईल. त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब मला म्हणाले, त्यांच्या घरचं कार्य आहे, त्यांना हवं तसं करा. आकाश पुन्हा भरून येत होतं आणि खडीचा ट्रक गेटवर उभा. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मग मला फॅक्टरीतल्या त्यांच्या वर्कशॉपची रीत आठवली. तिथून कुठलंही मशीन ट्रायल घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही.

"काका, ट्रायल घ्या," मी म्हटलं.

त्यांचे डोळे चमकले. आम्ही मुरुमाचा एक पट्टा त्यांच्या लेव्हलनं झीरो केला, शेजारचा माझ्या उताराचा. दोन्ही रोलरनं दाबले. काकांनी स्वतः दोन्हींवर बादली ओतली. माझ्या पट्ट्यावरचं पाणी मुकाट गटाराकडे गेलं. त्यांच्या पट्ट्यावर तळं साचलं. काकांनी लेव्हल उचलून खिशात घातली.

"बोहलं मात्र झीरो," ते म्हणाले.

"बोहलं तुमचं."

त्यानंतर जी धमाल झाली ती काय सांगू! काका मैदानाच्या टोकाला उभे राहिले आणि शॉपमध्ये क्रेनला देत तसे हातानं सिग्नल देऊ लागले. मूठ आवळली की थांब, तळवा हलवला की सरळ मागे. सलीमभाई फॅक्टरीतलेच, त्यांना ही भाषा पाठ. लोडर पुढे-मागे धावू लागला, मुरुमावर बारीक खडीचा थर बसू लागला, आसपासच्या क्वार्टरमधली मंडळी चहाचे कप घेऊन बघायला जमली. एका पट्ट्यावर लोडर मी चालवला. आयुष्यात इतकी सरळ रेघ मी कागदावरही काढलेली नाही. दिवे लागायच्या आत मैदान तयार झालं.

सकाळी मंगलाष्टकं चालू असताना पावसाची सर आलीच. वर ताडपत्री होती, खाली उतार. पाणी खडीतून वाट काढत गटाराला गेलं. कढी ताटातच राहिली. काका पाहुण्यांना पाण्याची वाट दाखवत हिंडले, जणू उतार त्यांचीच कल्पना.

पाठवणीच्या वेळी मात्र ते पार कोसळले. मृणाल गाडीत बसली. गाडी मांडवाकडे तोंड करून उभी होती, म्हणून ड्रायव्हरनं ती वळवायला स्टिअरिंग फिरवलं. समोर उभ्या काकांची मूठ ताडकन वर गेली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, तरी तळवा हलला. सरळ मागे. ड्रायव्हर गोंधळला, पण गाडी रिव्हर्समध्ये निघाली.

त्यामुळे गेटपर्यंत मृणालचं तोंड बापाकडेच राहिलं. काचेतून ती हात हलवत होती आणि काका सिग्नल देत होते.

मांडवाच्या जमिनीला वीतभर उतार द्यावा. आणि मुलीची गाडी, वळायला जागा असली तरी, रिव्हर्समध्येच काढावी.