अर्धी चिंच तुमची!

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर नाकातून येईल! आणि बोईसरला आमच्या कंपनीत कुणाला सांगू नका, शपथ आहे माझी.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच. काळजी करायला मला कारण लागत नाही, आणि इथे तर कारणच डोक्यावर उभं! बेटेगावात घर बांधलं, वर सिमेंटचे पत्रे टाकले, आणि शेजारच्या काशिनाथकाकांची थोरली चिंच नेमकी त्यावर वाकलेली. वारा सुटला की ती करकरायची आणि मी उठून पत्र्याकडे बघत बसायचो. खाली बायको-पोरगी झोपलेली. मला कुठली झोप?

शेवटी धीर करून म्हटलं, "काका, तुमची चिंच आमच्या घरावर पडेल हो!"

काका तंबाखू मळत म्हणाले, "पडली तं पडू दे. आमी काय बोलणार नाय."

घ्या! आमची चटणी होणार आणि हे काय बोलणार नाय! मी तडक पालघर गाठलं, वकील केला, नोटीस धाडली. काकांनी ती न वाचताच बोलणं टाकलं. मग कोर्टात तारखांवर तारखा. अखेर गावच्या तंटामुक्ती समितीने आम्हाला समोरासमोर बसवलं.

मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अहो, चिंच आपोआप पडायच्या आधी पाडा ना!"

"मंग असं सांगायचं!" काका उसळले. "नोटीस कशाला? रविवारी पाडतो. अर्धी तुमची!"

टाळ्या! मिटलं! पण मला चैन कुठे? एवढं झाड पाडताना आमच्याकडेच कललं तर?

रविवारी सकाळी फ्रिज रस्त्यावर, टीव्ही रस्त्यावर, बायको सुनंदा कपाळाला हात लावून रस्त्यावर. पलंग तेवढा दारातून निघेना. वर चढून मी स्वतः पत्रे उतरवले. उतरवताना निम्मे तडकले, पण म्हटलं, जीव वाचतोय ना!

एवढ्यात काका आले. हातात लांब बांबू, काखेत टोपली.

"करवत कुठंय?" मी विचारलं.

"करवत? चिंचा पाडाया?"

मी बांबूकडे पाहिलं. "म्हणजे... झाड नाही पाडणार?"

"झाड? अवो, तुमाला चिंच खायाला पायजे म्हणून तुमी कोर्टात गेलं, असं अख्खं गाव बोलतंय!" मग त्यांची नजर वर गेली. "पत्रं कुठं हाय?"

"काढले. चिंच पडेल म्हणून."

काका मटकन खालीच बसले. "चिंचंला पत्रं काढलं, मंग नारळ पाडताना भिंती काढशाल काय?"

हसून हसून डोळे पुसले त्यांनी. मग म्हणाले, "फांदीचं भ्याव वाटतं तं छाटून देतो की! एवढंच व्हतं?" आणि उठून बांबू हाणला. सडासडा चिंचा पडल्या, थेट आमच्या पलंगावर. वर पत्रा होताच कुठे?

सुनंदाने गादीवरची एक उचलली, सोलली, तोंडात टाकली.

"पडली बाई एकदाची घरात चिंच," ती म्हणाली. "अहो, आता पत्र्यांची नोटीस कुणाला धाडता?"